लाभांशाची नोंद : व्यवसायाच्या प्राप्तिकर विवरणपत्रातील एक दुर्लक्षित रकाना

प्रतिनिधी, वर्धा

कंपनीने भागधारकांना वाटलेला लाभांश हा भागधारकाच्या धंद्याचा नफा नसतो. प्राप्तिकर कायद्याने त्यासाठी स्वतंत्र जागा ठरवून दिली आहे. तरीही जिल्ह्यातील अनेक छोट्या व्यावसायिकांच्या हिशेबवह्यांत तो इतर जमेच्या रकमांसोबत एकाच ओळीत विसावलेला आढळतो. ३१ मार्च २०२० पर्यंत या सवयीचा फारसा तोटा होत नव्हता, कारण लाभांशावरील कर कंपनीच भरत असे. १ एप्रिल २०२० पासून कराची जबाबदारी लाभांश घेणाऱ्याकडे आली आणि चुकीच्या रकान्यात गेलेला रुपयाही महाग पडू लागला.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव आणि आर्वी परिसरातील जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, डाळमिल आणि अडतीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांच्या हाती राहिले. काही ठिकाणी भागीदारी संस्था आहे, काही ठिकाणी खासगी मर्यादित कंपनी, तर काही घरांत दोन्ही. अलीकडच्या काळात शेतकरी उत्पादक कंपन्यांचीही त्यात भर पडली. या प्रत्येकाला लाभांशाचे नियम वेगवेगळ्या रीतीने लागू होतात. येथे दिलेली प्राप्तिकराची कलमे १९६१ च्या कायद्यातील असून ती २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नासाठी आहेत. नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे.

वर्ध्याचे नाव आणि लाभांशाचा प्रवाह

लाभांश एका कंपनीकडून दुसरीकडे आणि तिच्याकडून पुढे कसा वाहतो, याचे देशातील एक ठळक उदाहरण वर्ध्याशी नाते सांगते. सेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक नातू म्हणून आलेल्या जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातूनच आपला व्यापार वाढविला. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या कंपनीची नोंदणी झाली. १९६० मध्ये तिचे नाव ‘बजाज ऑटो’ झाले. २००७-०८ मधील विभाजनानंतर मूळ कंपनी ‘बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट’ या नावाने गुंतवणूक कंपनी म्हणून उरली. वाहननिर्मिती आणि वित्तसेवा यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या.

या गुंतवणूक कंपनीला समूहातील कंपन्यांकडून मिळणारा लाभांश हे उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे. तिच्या प्रवर्तकांत ‘जमनालाल सन्स’सारख्या कंपन्या आहेत. म्हणजे कारखान्यात झालेला नफा दोन-तीन कंपन्यांच्या हातून पुढे सरकतो. प्रत्येक टप्प्यावर पूर्ण कर लागला, तर मूळ नफ्याचा मोठा हिस्सा वाटेतच संपेल. यावर कायद्याने काढलेला तोडगा पुढे येईलच. हिंगणघाटातील एखाद्या कुटुंबाच्या दोन छोट्या कंपन्यांनाही तोच लागू पडतो.

करभार कोणावर? तेवीस वर्षांचा हेलकावा

१९९७ पूर्वी लाभांशावर भागधारकाने कर भरावा, अशी पद्धत होती. १ जून १९९७ पासून कलम ११५-ओ नुसार लाभांश वितरण कर आला. कंपनीने १० टक्के कर भरायचा आणि भागधारकाच्या हाती लाभांश करमुक्त राहायचा. २००० मध्ये हा दर २० टक्के झाला आणि २००१ मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर आला. २००२-०३ या एका वर्षापुरता करभार भागधारकावर गेला. २००३ पासून तो १२.५ टक्के दराने कंपनीकडे परतला. २००७ मध्ये दर १५ टक्के झाला. २०१४ मध्ये गणनेची पद्धत बदलल्याने अधिभार व उपकरासह प्रत्यक्ष भार शेवटी २०.५६ टक्क्यांपर्यंत पोहोचला.

या पद्धतीतील विषमता उघड होती. वार्षिक तीन लाख रुपये उत्पन्न असलेला निवृत्त शिक्षक आणि कोट्यधीश उद्योगपती, दोघांच्याही लाभांशातून एकाच दराने कर जात असे. वित्त कायदा, २०२० ने वितरण कर रद्द केला. आता प्रत्येक भागधारक आपापल्या दराने कर भरतो. लहान उत्पन्नाच्या भागधारकाला त्याचा लाभ झाला. मात्र त्याच्यावर विवरणपत्रात अचूक नोंद करण्याची जबाबदारीही आली.

लाभांश देणाऱ्या कंपनीची कर्तव्ये

लाभांश हा कंपनीचा खर्च नव्हे. करपात्र नफा काढताना त्याची वजावट मिळत नाही. कर भरून उरलेल्या नफ्याची ती विभागणी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ नुसार घसाऱ्याची तरतूद केल्यानंतर उरलेल्या नफ्यातूनच लाभांश जाहीर करता येतो. जाहीर केल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम स्वतंत्र बँक खात्यात जमा करावी लागते आणि तीस दिवसांत भागधारकांना द्यावी लागते.

निवासी भागधारकाला लाभांश देण्यापूर्वी कलम १९४ नुसार १० टक्के करकपात करणे बंधनकारक आहे. भागधारक व्यक्ती असेल आणि वर्षभरातील लाभांश १०,००० रुपयांपर्यंत असेल, तर रोखीखेरीज अन्य मार्गाने दिलेल्या रकमेवर कपात होत नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० रुपये होती. भागधारक कंपनी असेल, तर ही सवलत नाही. भागधारकाने पॅन दिला नसल्यास कपातीचा दर २० टक्के होतो.

कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, तर मार्चमधील कपात ३० एप्रिलपर्यंत सरकारी खात्यात भरावी लागते. त्यानंतर तिमाहीचे २६क्यू हे विवरण दाखल करायचे असते. त्याला उशीर झाल्यास दररोज २०० रुपये शुल्क लागते. छोट्या कौटुंबिक कंपन्यांत ‘लाभांश घरातल्यांनाच दिला, मग कपात कशाला?’ असा समज असतो. कायदा तसा भेद करत नाही. कपात झाली पण विवरण दाखल झाले नाही, तर भागधारकाच्या २६एएस या करनोंदपत्रात ती रक्कम उमटत नाही आणि तिचे श्रेय मिळविताना त्याची दमछाक होते.

घेणाऱ्याच्या विवरणपत्रात काय दाखवायचे?

येथे पहिला नियम असा की, हातात आलेली रक्कम नव्हे, तर कपातीपूर्वीची संपूर्ण रक्कम दाखवावी. समजा, कंपनीने दोन लाख रुपये लाभांश जाहीर केला आणि २०,००० रुपये कापून १,८०,००० रुपये खात्यात जमा केले. विवरणपत्रात उत्पन्न दोन लाख रुपये आणि करकपात २०,००० रुपये असेच दाखवावे लागते. बँकेच्या पासबुकावरून नोंदी करणाऱ्यांकडून येथे हमखास १,८०,००० चा आकडा लिहिला जातो. वार्षिक माहितीपत्रकात दोन लाखांची नोंद असल्याने तफावत संगणकाच्या लगेच लक्षात येते.

दुसरा नियम उत्पन्नाच्या शीर्षाचा आहे. लाभांश ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येतो. व्यावसायिकाच्या नफा-तोटा पत्रकात तो जमेस धरलेला असल्यास व्यवसायाच्या परिशिष्टात तेवढी रक्कम वजा करून इतर साधनांच्या परिशिष्टात दाखवावी लागते. उदाहरणार्थ, पत्रकातील निव्वळ नफा ८ लाख रुपये असून त्यात ६०,००० रुपये लाभांश असेल, तर व्यवसायाचे उत्पन्न ७ लाख ४० हजार आणि इतर साधनांचे उत्पन्न ६०,००० रुपये होते. बेरीज तीच राहते, म्हणून हा खटाटोप निरर्थक वाटण्याचा संभव आहे. परंतु मागील वर्षांतून पुढे ओढलेला व्यवसायाचा तोटा फक्त व्यवसायाच्या उत्पन्नातूनच वजा होतो. कापसाच्या मंदीत तोटा सोसलेल्या जिनिंग व्यावसायिकाने लाभांश धंद्याच्या नफ्यात मिसळून जुना तोटा त्यातून वजा केला, तर ती वजावट नाकारली जाण्याची आणि व्याजासह कर भरण्याची वेळ येऊ शकते. चालू वर्षातील व्यवसायाचा तोटा मात्र त्याच वर्षाच्या लाभांशातून वजा करता येतो.

अंदाजित पद्धतीने, म्हणजे कलम ४४एडी नुसार कर भरणाऱ्यांनीही लाभांश उलाढालीत धरू नये. तो वेगळा दाखवावा लागतो.

तिसरा नियम खर्चाचा. समभाग घेण्यासाठी काढलेल्या कर्जावरील व्याजाखेरीज लाभांशातून कोणतीही वजावट मिळत नाही. व्याजाची वजावटही लाभांशाच्या २० टक्क्यांपुरती मर्यादित आहे. एक लाख लाभांश आणि ३५,००० रुपये व्याज असेल, तर २०,००० रुपयेच वजा होतात. डीमॅट खात्याचे शुल्क किंवा दलाली लाभांशातून वजा करता येत नाही.

चौथा नियम तारखांचा. विवरणपत्रात लाभांशाची विभागणी पाच कालखंडांत मागितली जाते : १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. लाभांश कधी जाहीर होईल, हे भागधारकाला आधी ठाऊक नसते. त्यामुळे तो मिळाल्यानंतरच्या उर्वरित हप्त्यांत आगाऊ कर भरल्यास आधीच्या हप्त्यांवरील व्याजातून सूट मिळते. ही विभागणी न भरता सारी रक्कम पहिल्याच कालखंडात टाकणाऱ्याला नाहक व्याज पडते.

कोणता नमुना?

व्यवसाय असलेल्या व्यक्तीने आयटीआर-३, भागीदारी संस्था, मर्यादित दायित्व भागीदारी व सहकारी संस्थांनी आयटीआर-५, तर कंपन्यांनी आयटीआर-६ हा नमुना भरायचा असतो. अंदाजित पद्धतीच्या व्यावसायिकांसाठी आयटीआर-४ हा सुटसुटीत नमुना आहे. मात्र जो कोणत्याही कंपनीचा संचालक आहे, किंवा ज्याच्याकडे शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे समभाग आहेत, त्याला तो वापरता येत नाही. घरच्या खासगी कंपनीत नाममात्र समभाग असलेला दुकानदार या अटीत सापडतो.

कोणत्या वर्षाचे उत्पन्न?

अंतिम लाभांश वार्षिक सर्वसाधारण सभेत जाहीर होतो. सभा ज्या आर्थिक वर्षात झाली, त्या वर्षाचे ते उत्पन्न. अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करते. तो भागधारकाला विनाअट उपलब्ध होतो, त्या वर्षाचे ते उत्पन्न धरले जाते. मार्चच्या अखेरीस जाहीर झालेला अंतरिम लाभांश एप्रिलमध्ये हाती आला, तर तो पुढील वर्षात मोडतो. करकपातीचे श्रेयही उत्पन्न ज्या वर्षी दाखविले, त्याच वर्षी मिळते. त्यामुळे कपातीची तिमाही आणि उत्पन्नाचे वर्ष पडताळून पाहणे इष्ट.

कंपनीकडून कंपनीला : कलम ८०एम

एका कंपनीचा लाभांश दुसऱ्या कंपनीमार्फत पुढे जातो, तेव्हा दुहेरी कर टाळण्यासाठी कलम ८०एम आहे. २०२० मध्ये ते पुन्हा अस्तित्वात आले. मिळालेल्या लाभांशापैकी जेवढी रक्कम कंपनीने स्वतःच्या भागधारकांना वाटली, तेवढी वजावट तिला मिळते. त्यासाठी हे वाटप विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी व्हावे लागते. मुदत ३१ ऑक्टोबर असल्यास ३० सप्टेंबरपर्यंत.

समजा, एका कौटुंबिक गुंतवणूक कंपनीला दहा लाख रुपये लाभांश मिळाला आणि तिने सहा लाख रुपये वेळेत वाटले. तिला उरलेल्या चार लाखांवरच कर लागेल. हेच वाटप ऑक्टोबरमध्ये केले, तर पूर्ण दहा लाखांवर कर. कलम ११५बीएए नुसार २२ टक्के दर निवडलेल्या कंपनीचा अधिभार व उपकरासह दर २५.१७ टक्के होतो. म्हणजे काही दिवसांच्या दिरंगाईची किंमत सहा लाखांवर सुमारे दीड लाख रुपये. वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी घेण्याची प्रथा असलेल्या कंपन्यांनी याची विशेष दखल घ्यावी.

कर्ज घेतले आणि लाभांश ठरला

खासगी कंपन्यांना सर्वाधिक अडचणीत आणणारी तरतूद म्हणजे कलम २(२२)(ई), अर्थात मानीव लाभांश. ज्या कंपनीत जनतेचा लक्षणीय हिस्सा नाही, तिने १० टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला कर्ज वा आगाऊ रक्कम दिली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम लाभांश मानली जाते. अशा भागधारकाचा २० टक्के किंवा अधिक हिस्सा असलेल्या संस्थेला दिलेले कर्जही यात येते.

घराच्या बांधकामासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी कंपनीच्या खात्यातून बारा लाख उचलायचे आणि हंगाम संपल्यावर परत करायचे, ही कौटुंबिक व्यवसायातील जुनी रीत. कंपनीकडे तीस लाखांचा नफा साठलेला असेल, तर हे बारा लाख त्या भागधारकाचे करपात्र उत्पन्न ठरतात. रक्कम वर्ष संपण्यापूर्वी परत केली, तरी सुटका होत नाही. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तरुलता श्याम प्रकरणात हे स्पष्ट केले. अशा रकमेवर कंपनीने १० टक्के करकपातही करायची असते. विवरणपत्रात मानीव लाभांशासाठी स्वतंत्र ओळ असून आगाऊ कराच्या व्याजातील वर उल्लेखिलेली सूट त्याला मिळत नाही.

याला अपवाद आहेत. कर्ज देणे हाच कंपनीच्या व्यवसायाचा मोठा भाग असेल, तर त्या ओघात दिलेले कर्ज यात येत नाही. व्यापारी व्यवहारापोटी दिलेली आगाऊ रक्कमही मानीव लाभांश नव्हे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १२ जून २०१७ च्या परिपत्रकात मान्य केले आहे. कपाशीच्या खरेदीसाठी दिलेली उचल आणि घरखर्चासाठी घेतलेली उचल यांची खाती म्हणूनच वेगळी हवीत.

भागीदारी संस्थेचा पेच

कंपनी कायद्यानुसार भागीदारी संस्था स्वतःच्या नावाने भागधारक होऊ शकत नाही. त्यामुळे पैसा संस्थेचा आणि समभाग भागीदाराच्या नावावर, अशी स्थिती उद्भवते. लाभांशाचे उत्पन्न संस्थेचे असते, पण कपात भागीदाराच्या पॅनवर होते. प्राप्तिकर नियम ३७बीए नुसार भागीदाराने कंपनीला लेखी घोषणापत्र देऊन खऱ्या लाभार्थ्याचे नाव, पत्ता व पॅन कळविल्यास कपातीचे श्रेय संस्थेला मिळते. घोषणापत्र दिले नाही, तर उत्पन्न एकीकडे आणि श्रेय दुसरीकडे अडकते. मर्यादित दायित्व भागीदारीला ही अडचण नाही. ती स्वतःच्या नावाने समभाग घेऊ शकते.

भागीदाराला संस्थेकडून मिळणारा नफ्यातील वाटा हा लाभांश नव्हे. कलम १०(२ए) नुसार तो त्याच्या हाती करमुक्त असतो, कारण संस्थेने त्यावर कर भरलेला असतो. लाभांशाच्या रकान्यात तो दाखवू नये.

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था

समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद, कापूस, तूर व सोयाबीनच्या एकत्रित विक्रीसाठी शेतकरी उत्पादक कंपनी हा मार्ग आता परिचित झाला आहे. अशा कंपनीकडून सभासदाला तीन प्रकारे पैसे मिळू शकतात. पुरविलेल्या मालाच्या भावाचा राखून ठेवलेला भाग, भागभांडवलावरील मर्यादित परतावा आणि व्यवहाराच्या प्रमाणात दिला जाणारा सहभाग बोनस.

राखून ठेवलेला भाव ही मालाची किंमत आहे. मर्यादित परतावा हा लाभांश आहे. कंपनी शेतमालाची असली, तरी तिचा लाभांश शेतीचे उत्पन्न ठरत नाही. बचा गुझदर प्रकरणात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चहामळ्याच्या कंपन्यांच्या लाभांशाबाबत हाच निर्णय दिला. भागधारकाचा संबंध कंपनीशी असतो, जमिनीशी नव्हे, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून उत्पादक कंपन्यांनी सभासदाच्या खात्यावर तिन्ही रकमा एकत्र न टाकता स्वतंत्र तपशिलासह द्याव्यात. अन्यथा शेतकऱ्याच्या हक्काच्या मालाच्या किमतीबद्दलही प्रश्न उभे राहू शकतात.

सहकारी संस्थेच्या लाभांशाला कलम १९४ लागू नाही, कारण ते कलम कंपन्यांपुरते आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ६७ नुसार या लाभांशावर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. सभासदाच्या हाती तो करपात्र असतो. एका सहकारी संस्थेला दुसऱ्या सहकारी संस्थेकडून मिळालेल्या लाभांशावर मात्र कलम ८०पी(२)(डी) नुसार पूर्ण वजावट मिळते.

समभागांची पुनर्खरेदी

१ ऑक्टोबर २०२४ पासून कलम २(२२)(एफ) नुसार कंपनीने स्वतःचे समभाग परत विकत घेताना दिलेली रक्कम भागधारकाच्या हाती लाभांश मानली गेली. २०२५-२६ मध्ये अशी रक्कम मिळालेल्यांनी ती लाभांशाच्या स्वतंत्र ओळीत दाखवावी. समभागांची मूळ खरेदी किंमत त्यातून वजा होत नाही. ती भांडवली तोटा म्हणून नोंदवून नियमानुसार पुढील वर्षांत ओढता येते. ही नोंद राहून गेल्यास तोट्याचा हक्कही जातो.

न मागितलेला लाभांश

जुन्या घरांच्या कपाटांत कागदी समभाग आजही सापडतात. तीस दिवसांत न दिलेला वा न स्वीकारलेला लाभांश कंपनीला पुढील सात दिवसांत स्वतंत्र खात्यात टाकावा लागतो. तेथे सात वर्षे पडून राहिल्यावर तो केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतो. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल, तर समभागही त्याच निधीकडे जातात. मूळ धनी किंवा वारस ते परत मागू शकतात. त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज करावा लागतो.

विवरणपत्रापूर्वीची पडताळणी

विवरणपत्र भरण्याआधी चार कागद शेजारी ठेवून पाहिले, तर बहुतेक चुका टळतात : कंपनीने दिलेले १६ए हे करकपात प्रमाणपत्र, २६एएस, वार्षिक माहितीपत्रक आणि बँकेचा उतारा. पहिल्या तीन कागदांवरील रक्कम कपातीपूर्वीची असते, बँकेतील कपातीनंतरची. या दोन आकड्यांतील फरक कापलेल्या कराएवढा निघाला पाहिजे. माहितीपत्रकातील नोंद चुकीची असेल, तर त्यावर संकेतस्थळावरच हरकत नोंदविण्याची सोय आहे.

नव्या कायद्यात करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आणल्या असून आकारणी वर्षाऐवजी ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे. १ एप्रिल २०२६ नंतरच्या लाभांशासाठी नवी कलमे पाहावी लागतील. २०२५-२६ चे विवरणपत्र २०२६ मध्ये भरले जाणार असले, तरी त्या वर्षाच्या उत्पन्नाची आकारणी १९६१ च्या कायद्यानुसारच होईल. या संक्रमणाच्या वर्षी दोन्ही कायद्यांची कलमे एकमेकांत मिसळू नयेत, याची खबरदारी व्यावसायिकांनी आणि त्यांच्या लेखापालांनी घेणे आवश्यक आहे.